अर्थिंग

गाडी सनबीम अल्पाइन, साल एकोणीसशे पासष्ट.
रग्बीत, जिथे नोव्हेंबरात ऊन
उसनं मागूनही मिळत नाही,
तिथे हिच्या नाकावर सूर्यकिरण कोरलेला.
डॅशबोर्डात रेडिओ आहे, त्या काळचाच,
दोन बटणं, एक काटा,
आणि कित्येक वर्षांचं मौन.

"ब्लूटूथचा डबा घे की एखादा,"
सुधन्वा खिडकीतून म्हणाला.
पण मला हवी होती तीन नळ्यांची एरियल,
एकीच्या पोटातून दुसरी निघणारी,
बुडाशी क्रोमचा इवलासा घुमट,
छोट्या किल्लीने उघडायची.
जुन्या सुट्या भागांच्या बाजारात अकरा पौंडांना मिळाली,
घडीवर फाटलेल्या सूचनापत्रकासकट.

पत्रक म्हणतं: पुढच्या मडगार्डवर जागा ठरवा.
पाऊण इंचाचं भोक पाडा.

एकतीस वर्षं मी या गावाच्या दाढा कोरल्या.
आ करा, थोडं टोचेल, झालंच.
आज ड्रिल हातात धरून
माझंच तोंड घट्ट मिटलेलं.
दाढ भरता येते. पण हा पत्रा,
साठ वर्षांत धडकला नाही, गंजला नाही,
आणि मी त्याला भोक पाडणार,
कशासाठी, तर ऐकू यावं म्हणून.
चिकटपट्टीवर पेन्सिलीची फुली. फुलीवर पंच.
हातोडी तीनदा उचलली,
तीनदा खाली ठेवली.

"अगं, मार!"
शेजारचा अ‍ॅल्विन पेटिफर, सत्त्याऐंशीचा,
गॅरेजच्या दाराला टेकून उभा.
हिलमॉर्टनच्या मनोऱ्यांवर चढायचा तो,
आठशे वीस फूट,
लाल दिवे बदलायला.
वर गेलं की मनोरा डुलतो, म्हणतो,
आपण ताठ राहायचं नाही, आपणही डुलायचं.
मनोरे पाडले. आता तिथे घरं आहेत,
कुंपणं, ट्रॅम्पोलिनं,
आणि वर नुसतं आकाश, ज्याच्याकडे तो अजून
चष्मा पुसून बघतो.

मारली.
पत्र्याचा कीस सांडला,
पाऱ्याच्या जुन्या फिलिंगच्या रंगाचा.

"आता खालून खरवड. रंग काढ, डांबर काढ,
उघडा पत्रा लागेपर्यंत.
अर्थिंग नाही, तर काहीच नाही."
मी मडगार्डाखाली उताणी,
पापण्यांवर साठ वर्षांचा चिखल,
आणि एकटीच हसतेय.
त्याला कसं सांगू, की माझ्या भाषेत
या शब्दात अर्थ आधीच बसलेला आहे,
आणि तोही असाच,
नखं काळी झाल्याशिवाय लागत नाही.

पत्रकाची शेवटची ओळ:
मीडियम वेव्हवर एखादं क्षीण स्टेशन धरा,
आणि बारका स्क्रू फिरवत राहा
आवाज सर्वांत मोठा होईपर्यंत.
तेव्हा क्षीण स्टेशन शोधावं लागत असेल.
आता शोधायलाच नको.

साडेचार. अंधार. इंजिन बंद.
लाळ ओढणाऱ्या नळीसारखी खरखर,
काटा सरकतोय, खरखर,
आणि तिच्या तळाशी, अचानक, एक माणूस,
कुठल्याशा भाषेत
यादी वाचावी तसा बोलणारा.

अ‍ॅल्विनचा तोल गेला जरासा.
आधाराला म्हणून त्याने एरियलचं टोक चिमटीत धरलं
आणि तो माणूस
गॅरेजमध्ये येऊन उभा राहिल्यासारखा बोलू लागला.
सोडलं, बुडाला.
धरलं, वर आला.
मग अ‍ॅल्विन तसाच राहिला,
हात वर, लोकरी टोपी कपाळावर,
किंचित डुलत.

कानातलं यंत्र घरी विसरलेला तो.
"काय म्हणतोय गं?"

"कळत नाही," मी ओरडले,
"पण स्पष्ट येतंय.
हात खाली घेऊ नकोस."